तातडीचे दोन शिक्के

कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, टायपिस्टबाईंच्या टेबलावरच्या छताचे पोपडे सुटले होते. त्यांतला एक बाईंच्या चहात पडला, तेव्हा त्यांनी दुरुस्तीचा अर्ज लिहून हेडक्लार्कांकडे दिला.

हेडक्लार्कांकडे दोन शिक्के होते, 'अर्जंट' आणि 'इमिजिएट'. दोन्ही इंग्रजी, दोन्ही लाल. त्यांतला फरक अख्ख्या खात्यात फक्त त्यांना ठाऊक होता आणि एवढ्या भांडवलावर त्यांनी दोन बढत्या मिळवल्या होत्या.

"अहो, जरा वर बघा ना," बाई म्हणाल्या. "कधी डोक्यात पडेल नेम नाही."

हेडक्लार्कांनी वर न बघता अर्ज बघितला. "नेम नाही, म्हणजे अजून पडलेलं नाही. हे अर्जंट झालं."

अर्ज 'अर्जंट' होऊन गेला आणि बाराव्या दिवशी बांधकाम विभागातून परत आला. शेरा होता : 'चहात पोपडा पडल्याचा उल्लेख आढळतो. पडझड सुरू झाल्यावर प्रकरण इमिजिएट ठरते.' हेडक्लार्कांना मनापासून आनंद झाला. आपल्या तोडीचं कुणीतरी खात्यात आहे, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. त्यांनी चार पानी उत्तर धाडलं. तिकडून सहा पानी आलं.

"तोवर मी टेबल सरकवू का?" बाईंनी विचारलं.

"मग अर्जातला मजकूर खोटा ठरेल, बाई. थोडी कळ काढा."

बाई पडल्या भिडस्त. एका हाताने डोक्यावर फाइल धरून त्या दुसऱ्या हाताने टाइप करू लागल्या. कामाचा वेग निम्म्यावर आला म्हणून त्यांना मेमो निघाला. तो मात्र कुठल्याही शिक्क्यावाचून त्याच दिवशी पोचला.

शेवटी फरक ठरवायला समिती बसली. इंग्रजीचे एक निवृत्त प्राध्यापकही बोलावले. बैठक रंगात आली असतानाच शेजारच्या खोलीत धाडकन आवाज झाला. हेडक्लार्क धावले. छताचा हातभर तुकडा कीबोर्डवर पडला होता आणि बाई कपाळ दाबून बसल्या होत्या. बोटांमधून रक्त येत होतं. हेडक्लार्क मदतीला वाकले. मग त्यांचा हात सवयीने खिशातल्या शिक्क्यांकडे गेला.

"बाई, नक्की आत्ताच पडलं ना?" त्यांनी हळूच विचारलं. "की मघाशीच?"

समितीचा अहवाल आता तयार आहे आणि त्याला मोठी मागणी आहे. वाचकहो, तो फरक नेमका काय, याची उत्सुकता एव्हाना तुम्हालाही लागली असेल. अहवाल कार्यालयीन वेळेत पाहायला मिळेल. बाईंना टाके किती पडले, हे मात्र तुम्हीही विचारलं नाहीत.