तो अरांचीनो, ती अरांचीना

“म्हणा माझ्यामागे,” गाडीत बसल्या बसल्या ग्राझियाने नवऱ्याला बजावलं, “पालेर्मोत पाऊल ठेवल्यापासून परत निघेपर्यंत मी तो शब्द तोंडातून काढणार नाही.”

“कोणता शब्द?” आगातीनोंनी साळसूदपणे विचारलं.

“वेड पांघरून पेडगावला जाऊ नका. कोणता ते अख्ख्या कातानियाला माहीत आहे.”

माहीत नसायला काय झालं! भाताचा गोळा, पोटात खिमा आणि मटार, वरून पावाचा चुरा लावून खरपूस तळलेला. सिसिली बेटाच्या पूर्वेला, कातानियात, तो टोकदार असतो आणि पुरुष असतो: तो अरांचीनो. पश्चिमेला, पालेर्मोत, ती गोल गरगरीत असते आणि बाई असते: ती अरांचीना. आपली मराठी या बाबतीत मोठी समजूतदार. आपण ‘ते’ म्हणून हात झटकतो आणि खायला लागतो. इटालियन भाषेला देवाने तिसरं लिंगच दिलेलं नाही, त्यामुळे तिथे प्रत्येक खाणाऱ्याला कुठल्या तरी एका बाजूला उभं राहावंच लागतं. आणि सिसिलीतला माणूस एकदा बाजूला उभा राहिला की हलत नाही.

आगातीनो पाप्पालार्दो तर मुळीच हलणारे नव्हते. कातानियात त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि तो बिचारा डोळे बारीक करून बसला की ‘तो’ का आणि ‘ती’ का नाही हे पटवून द्यायचं, हा त्यांचा नेम. गेल्या वर्षी भाच्याच्या लग्नात पालेर्मोच्या एका पाहुण्याने सहज ‘ती’ म्हटलं. आगातीनोंनी केक कापणं थांबवून व्याकरणावर भाषण ठोकलं. नवरीकडची निम्मी मंडळी केक न खाताच निघून गेली.

आता स्वतःची मुलगी वेनेरा पालेर्मोच्याच मुलाशी लग्न करणार होती. तिने बापाला स्पष्ट सांगून टाकलं होतं, “बाबा, माझ्या सासरी हा वाद काढलास ना, तर चर्चमध्ये माझा हात धरून अल्फियोकाका मला नेईल.”

अल्फियो म्हणजे आगातीनोंचा धाकटा भाऊ. उंच, केस अजून काळेभोर, आणि ही बातमी कळताच त्याने नवा सूट शिवायला टाकला होता. आगातीनोंनी लगेच कबूल केलं. पोर जन्मली तेव्हापासून तिचा हात धरून चर्चच्या दारातून चालत जायचं स्वप्न त्यांनी पाहिलं होतं. ते त्यांना भावाच्या सुटाला देऊन टाकायचं नव्हतं.

“दोन दिवस एक शब्द गिळायचा, त्यात काय मोठंसं!” गाडी हमरस्त्याला लागल्यावर ते म्हणाले. “मला दुसरी पुष्कळ कामं आहेत. बाजारातली बेसनाची तळलेली भजी, तळलेली प्लीहा भरलेला पाव, गोड चीज घातलेला कासाता केक. दोन दिवस तोंड रिकामं राहणारच नाही.” त्यासाठी सकाळपासून त्यांनी नुसत्या कॉफीवर पोट राखून ठेवलं होतं.

पण व्याह्यांकडे जायचा दिवस निवडताना बायकोची आणि मुलीची एक चूक झाली होती. तो शनिवार सांता लुचियाच्या सणाचा होता. त्या दिवशी पालेर्मोत कोणी पावाला आणि पास्त्याला शिवत नाही. सगळं शहर सकाळपासून रात्रीपर्यंत एकच वस्तू खातं. आणि होणारे व्याही गास्पारे यांचं दुकान होतं तळणीचं.

“या, या व्याहीबुवा!” गास्पारेंनी टेबलापाशी खुर्ची ओढली. टेबलावर त्या वस्तूचा डोंगर रचला होता. “लाजायचं नाही हं. खिम्याची की लोण्याची?”

“खिमा!” आगातीनो म्हणाले. पहिला चेंडू तर उत्तम टोलवला गेला.

“वाढू का एक?”

इथे आगातीनो थबकले. त्यांच्या भाषेत ‘एक’सुद्धा पुरुषाचा वेगळा आणि बाईचा वेगळा. ‘दोन’ला मात्र कसलंच लिंग नाही.

“दोन!” ते छाती काढून म्हणाले. असं डोकं लाखात एखाद्यालाच असतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे आपोआप मिटले. वरचं कवच कुरकुरीत, आत केशराचा भात, खिमा असा की जीव ओवाळून टाकावा. खोटं कशाला बोला, कातानियातही त्यांनी इतकं चांगलं कधी खाल्लं नव्हतं.

“कशी झालीये?” गास्पारेंनी विचारलं.

छान झालीये म्हणावं तर कातानिया बुडालं. छान झालाय म्हणावं तर अल्फियोचा सूट चर्चमध्ये निघाला. “वा!” आगातीनो म्हणाले.

“वा म्हणजे?”

“वा वा!”

समोर होणाऱ्या नवऱ्याशेजारी बसलेल्या वेनेराने बापाकडे अशा मायेने पाहिलं की त्यांना आणखी भूक लागली. आता खरं तर फक्त एकच हवं होतं. पण एक मागायची सोय नव्हती. “दोन,” ते म्हणाले. ती दोन संपल्यावर जिभेला पुन्हा एकाचीच चटक राहिली, म्हणून पुन्हा “दोन.”

“अहो, आणखी काय हवंय तुम्हाला?” विहीणबाई निनफा कौतुकाने म्हणाल्या. “नाव घ्या, लगेच आणते.”

नाव घ्या! आगातीनोंनी तोंड उघडलं, मिटलं, बोटाने हवेत एक गोल काढला, टेबलाकडे बघून “हं... हं...” केलं आणि कपाळावरचा घाम पुसला.

निनफाबाईंचा चेहरा एकदम उतरला. त्या नवऱ्याला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. दार लोटलेलं होतं, पण पालेर्मोतली कुजबुज चार घरं ऐकू जाते.

“अहो, व्याह्यांचं काहीतरी बिनसलंय. वस्तूचं नाव आठवत नाहीये त्यांना!”

“चल, काहीतरीच तुझं.”

“काहीतरीच काय? माझ्या आबांचं असंच सुरू झालं होतं. आधी नावं गेली. मग जेवल्याचं लक्षात राहीना. पाहिलंत ना, दोन खाल्ल्या की पुन्हा दोन मागतात!”

बाहेर ग्राझियाने सुस्कारा टाकला. समजूत घालायची तरी कशी? माझा नवरा ठणठणीत आहे, फक्त तुमचं पक्वान्न बाई आहे हे त्याला मान्य नाही, असं विहिणीला सांगायचं?

तिथून आगातीनोंचे हाल सुरू झाले. त्यांच्यापुढची ताटली उचलली गेली आणि तिथे मऊ पांढरा भात आला, वर तेलाचा एक थेंब. त्यांच्या गुडघ्यांवर घोंगडी आली. गास्पारे त्यांच्याशी एकेक शब्द सुटा करून मोठ्याने बोलू लागले. “व्याहीबुवा! ही! तुमची! मुलगी!” संध्याकाळी सगळी मंडळी बाजारात बेसनाची भजी खायला गेली, तेव्हा त्यांना थंडी बाधेल म्हणून घरीच ठेवलं. जेवायला पुन्हा भात.

हेही त्यांनी सोसलं असतं. पण बाजारातून परतल्यावर गास्पारे ग्राझियाजवळ बसून हळूच म्हणाले, “विहीणबाई, राग मानू नका. आमचं चर्च फार लांबलचक आहे. त्यांना तेवढं झेपेल का? त्यांना एखादा भाऊबिऊ आहे का?”

“आहे ना, अल्फियो,” ग्राझिया बोलून गेली आणि मग तिने जीभ चावली.

आगातीनोंनी घोंगडी नाकापर्यंत ओढून घेतली. बोलावं तर अल्फियो, न बोलावं तरी अल्फियो!

रविवारी सकाळी डॉक्टर आले. डॉ. स्कुदेरी म्हणजे गास्पारेंच्या बहिणीचे यजमान, विसराळूपणाच्या आजारात पालेर्मोत त्यांचा शब्द शेवटचा. सगळं घर भोवती गोळा झालं. जन्मभर दुसऱ्यांना अक्षरं वाचायला लावणाऱ्या माणसाची आज परीक्षा होती.

डॉक्टरांनी मनगट पुढे केलं. “हे काय आहे?”

“घड्याळ. मागे पडतंय.”

“आणि ही?”

“किल्ली. मोटारीची.”

डॉक्टरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून दाखवला.

“चष्मा. फ्रेम स्वस्तातली आणि डाव्या भिंगाचा नंबर चुकलाय. कातानियाला या, दुरुस्त करून देतो.”

गास्पारेंनी मांडीवर थाप मारली. “अगदी शाबूत आहेत हो!”

“थांबा,” निनफाबाई म्हणाल्या. त्या स्वयंपाकघरातून ताटली घेऊन आल्या. कालचं, पण पुन्हा गरम केलेलं, एकच. “हे विचारा. हेच आठवत नाही त्यांना.”

डॉक्टरांनी ते उचलून आगातीनोंच्या नाकासमोर धरलं. “आणि हे? सावकाश सांगा.”

सगळं घर पुढे झुकलं. आगातीनोंना आपलं दुकान दिसलं, गिऱ्हाइकं दिसली, त्यांच्या भरवशावर मान ताठ ठेवून चालणारं सगळं कातानिया दिसलं. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. कालपासून ती हसली नव्हती. बापाला खरंच काही झालंय की काय, अशा धास्तीने तिचे डोळे भरून आले होते.

कातानिया आपलं आपण बघून घेईल, आगातीनोंनी ठरवलं.

“ती अरांचीना आहे,” ते स्वच्छ आवाजात म्हणाले. “आणि फार, फार चांगली झालीये.”

टाळ्याच टाळ्या! गास्पारेंनी त्यांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. निनफाबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. वेनेरा धावत येऊन बापाच्या गळ्यात पडली. “बाबा, तूच नेणार मला. तूच. अल्फियोकाकाने तो सूट घालून खुशाल मागच्या बाकावर बसावं.”

फक्त डॉक्टर टाळ्या वाजवत नव्हते. त्यांनी हातातलं ताटलीत ठेवून खिशातून पेन काढलं.

“तुम्ही मूळचे कुठले म्हणालात?”

“कातानियाचा. सात पिढ्यांचा.”

डॉक्टर कागदावर भराभर लिहू लागले.

“काय लिहिताय?” गास्पारेंनी विचारलं. “बरे आहेत ना ते?”

“काल बरे होते. काल तुम्ही उगाच घाबरलात. आजार आत्ता सुरू झालाय. मी स्वतः कातानियाचा आहे म्हणून सांगतो, डोकं ठिकाणावर असलेला आमच्याकडचा माणूस त्या अरांचीनोला ‘ती’ म्हणूच शकत नाही. उद्याच्या उद्या डोक्याचा फोटो काढून घ्या.”

टाळ्या थांबल्या. बोलून गेल्यावर आपण काय बोललो हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं, पण बाण सुटला होता.

“काय म्हणालात, दाजी?” गास्पारेंनी सावकाश बाह्या सरसावल्या. “‘अरांचीनो’ कोणाला? तीस वर्षं या घरचे जावई आहात तुम्ही. तीस वर्षं आमच्या तोंडावर गोड बोलून मनात हे ठेवलंत?”

“गास्पारे, ऐकून घे, वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने...”

“वैद्यकशास्त्र गेलं चुलीत! निनफा, ताईला फोन लाव. नवऱ्याचे गुण कळू देत तिला!”

या भांडणात पडायचं नाही, असं आगातीनोंनी ठरवलं. ताटलीतलं ते त्यांनी अलगद उचललं, अर्धं मोडून लेकीला दिलं आणि दोघं गॅलरीत उन्हात जाऊन बसली.