मागितल्याशिवाय डबा नाही

तोर्केल नोरेनियस पन्नाशी उलटल्यावर फंक्शनल प्रोग्रामिंग नावाच्या संगणकवाल्यांच्या पंथाच्या नादी लागला, तेव्हा घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ल्यूंगहामन गावात या वयाचे पुरुष एकतर भर हिवाळ्यात समुद्रात डुबक्या मारायला लागतात, नाहीतर पावाचं पीठ आंबवत बसतात. त्या मानाने हा छंद कोरडा होता. स्वयंपाकघरात पसारा होणार नाही, असं त्याची बायको इल्वा धरून चालली होती.

या पंथाची शिकवण थोडक्यात अशी. एकदा ठरलेली गोष्ट नंतर बदलायची नाही. बदल हवाच असेल तर नवी गोष्ट करायची. प्रोग्रामने फक्त उत्तर काढायचं. बाहेरच्या जगात काही घडवणं, म्हणजे पडद्यावर अक्षर उमटवणं किंवा कुणाला निरोप धाडणं, याला ‘परिणाम’ म्हणायचं आणि तो होता होईल तो कडेला ढकलायचा. ज्याचे परिणाम कमी, तो प्रोग्राम जास्त शुद्ध. तोर्केलला हे इतकं पटलं की त्याने रिकाम्या कपात पुन्हा कॉफी ओतणं सोडून दिलं. भरलेला कप ही एक गोष्ट, रिकामा कप ही दुसरी. एकाचा दुसरा करणं त्याला ओंगळ वाटू लागलं. तो दरवेळी नवा कप घेई.

“आणि हे घासायचं कुणी?” सिंककडे बघत इल्वाने विचारलं.

“घासणं हा परिणाम आहे. तो आपण कडेला ढकलतो.”

“कड म्हणजे मी, असं ना?”

तोर्केलने यावर विचार केला आणि व्याख्येत ते बसतं असं प्रामाणिकपणे सांगितलं.

दर महिन्याला गावच्या वाचनालयाच्या तळघरात या पंथाचं मंडळ भरत असे. दालचिनीचे बन असत, कॉफी असे आणि अध्यक्षस्थानी एस्किल असे. एस्किलने आयुष्यात एकही प्रोग्राम चालवून पाहिलेला नव्हता. प्रोग्राम बरोबर आहे हे कागदावर सिद्ध झाल्यावर तो चालवणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, असं त्याचं मत होतं आणि त्याबद्दल मंडळात त्याला मोठा मान होता. एकदा एका नव्या मुलीने मोनॅड, हा पंथात सतत कानावर पडणारा शब्द, म्हणजे काय असं विचारलं. सगळ्यांनी आळीपाळीने सांगितलं. एकाच्या मते तो डबा होता, दुसऱ्याच्या मते करंजी, तिसऱ्याच्या मते हे दोघे मोनॅडचे शत्रू होते. मुलगी बन संपवून गेली ती परत आली नाही. विषय तिच्या आवाक्याबाहेरचा असल्याची नोंद झाली.

इथवर सगळं निरुपद्रवी होतं. पण तोर्केल नगरपालिकेच्या घरपोच जेवण विभागात नोकरीला होता. गावातल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दुपारचा डबा जाई, त्याचा सगळा हिशेब तोर्केलच्या ताब्यातला प्रोग्राम ठेवी. हा जुना प्रोग्राम अगदीच अडाणी होता. दुपार झाली की तो नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला डबा पाठवून मोकळा होई. भूक आहे की नाही याची चौकशी नाही, पुरावा नाही.

“अधीर आहे तो,” एस्किल दुःखाने म्हणाला. “उत्तर कुणाला हवंय हे न बघताच कामाला लागतो. खरा प्रोग्राम आळशी असतो. कुणी मागेपर्यंत तो बोटसुद्धा हलवत नाही.”

या पंथात आळस हा सद्गुण आहे. तोर्केलने हिवाळाभर खपून नवा आळशी प्रोग्राम लिहिला. प्रत्येक घरात एक छोटं यंत्र बसणार होतं, त्यावर एकच बटण. ते दाबलं की मागणी झाली, मागणी झाली की बटाटा उकडला जाणार. बटण दाबलं नाही, तर गणिताच्या दृष्टीने भूकच अस्तित्वात नाही.

विभागप्रमुख अनेली हिने हा प्रस्ताव बैठकीत ठेवला. त्या गावात एकमत झाल्याशिवाय काही होत नाही आणि एकमत होण्यासाठी कुणी प्रश्न विचारायचा नसतो. तोर्केलने फळ्यावर बाण काढले. एकाला काही कळलं नाही, पण शेजारी मान हलवत होता म्हणून त्यानेही हलवली. शेजाऱ्याचंही तेच कारण होतं. अन्नाची नासाडी टळणार, हे मात्र सगळ्यांना कळलं.

नवा प्रोग्राम सुरू झाला आणि विभागात शांतता पसरली. पूर्वी रोज फोन यायचे, मासा गार होता, रश्शात मीठ नव्हतं. आता एक तक्रार नाही. डबेही फारसे जात नव्हते.

डबा घेणाऱ्यांत सिग्ने नोरेनियस होती, तोर्केलची आई. बंदराजवळच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ती एकटी राही. सिग्नेने जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. एकदा शनिवारी पडून तिचं मनगट मोडलं, तर सुट्टीच्या दिवशी डॉक्टरला कशाला त्रास, म्हणून ती सोमवारपर्यंत हात शालीत बांधून बसून राहिली. तिच्या पिढीत कुणाला आपली अडचण होणं याहून मोठी लाज नव्हती. असं माणूस बटण दाबेल, हे गृहीतक तिच्या पोटच्या मुलानेच धरलं होतं.

दर रविवारी तो तिला फोन करी.

“जेवलीस का?”

“जेवले की. तू तुझं काम बघ.”

“डबा बरा असतो ना?”

“छान असतो हो. ठेव आता, तुझे पैसे जातात.”

वसंतात मंडळाने तोर्केलचं व्याख्यान ठेवलं. वाया गेलेलं अन्न शून्य, तक्रारी शून्य, असे आकडे त्याने दाखवले आणि एस्किलच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच दुपारी इल्वा सहज सासूकडे डोकावली होती. तोर्केल घरी आला तेव्हा ती कोट न काढताच बसलेली होती.

“तुझ्या आईच्या घरात कडक पाव आहे आणि कॉफी आहे. बाकी काही नाही. सैल झालेला स्कर्ट दोरीने बांधलाय तिने.”

“पण तिने फक्त बटण दाबायचं आहे.”

“तोर्केल, ती मेली तरी बटण दाबायची नाही.”

तो तसाच निघाला. आई दारात उभी राहिली तेव्हा त्याला ती ओळखायला एक क्षण लागला. यंत्र खिडकीत होतं. त्यावर तिने धूळ बसू नये म्हणून विणलेला रुमाल घातला होता.

“आई, हे दाबायचं असतं.”

“माहीत आहे. बाकीचे दाबतात का?”

“फारसे नाही.”

“मग मीच कशाला हावरटासारखं?” ती म्हणाली. “शिवाय हे यंत्र कुणीतरी मेहनत करून बनवलंय म्हणतात. दाबलं तर उगाच काम पडायचं त्या बिचाऱ्यावर.”

तोर्केलने खाली जाऊन बटाटे आणि मासा आणला, स्वतः रांधलं. सिग्नेने दोन ताटं संपवली आणि भूक नव्हतीच, तू केलंस म्हणून खाल्लं, असं सांगितलं. तो तिच्या सिंकपाशी पाठ करून उभा राहिला आणि रडला. मग त्याने भांडी घासली.

सकाळी तो अनेलीसमोर जाऊन उभा राहिला. “जुना प्रोग्राम परत लाव. माझी आई उपाशी होती.”

“तक्रार आली आहे का?” अनेलीने मनापासून विचारलं.

“मी करतोय ना.”

“तू लाभार्थी नाहीस. तक्रार तिच्या नावाने हवी.”

तोर्केलने आईच्या नावाने तक्रार नोंदवली. नियमाप्रमाणे विभागाने सिग्नेला फोन करून खातरजमा केली. मुलाचा काहीतरी गैरसमज झालाय, मला कशाची कमी नाही आणि एवढ्यासाठी फोन केलात त्याबद्दल माफ करा, असं तिने सांगितलं. तक्रार मागे घेतल्याची आणि लाभार्थी समाधानी असल्याची नोंद झाली. तोर्केल आता रोज दुपारी स्वतः डबा घेऊन जातो. न मागता डबा नेतो म्हणून मंडळाने त्याचं नाव कमी केलं.

तरी अनेली कर्तव्याला चुकणारी नव्हती. तिने गावातल्या सगळ्या लाभार्थ्यांच्या मुलामुलींना पत्र पाठवून विचारलं, तुमचे आईवडील वेळेवर जेवतात का? सगळ्यांनी हो म्हणून कळवलं. खोटं कुणीच बोललं नाही. प्रत्येकाने रविवारी फोन करून स्वतः विचारलं होतं.

या पद्धतीचा बोलबाला झाल्यावर इतर देशांकडूनही विचारणा आली आहे. आपल्याकडे ती बसवायला काही खर्च येणार नाही, असं तज्ज्ञांचं मत आहे. यंत्राचीसुद्धा गरज नाही. तुम्ही आईला फोन करता, “जेवलीस का?” विचारता, ती “हो” म्हणते आणि तुम्ही फोन ठेवता.