मागच्या रांगेतली मधुमती

पोस्टात टाकण्याआधी वस्तू चालू आहे का, एवढं फक्त बघून घ्यावं, असा साधा विचार शशिधरने केला. पुढे जे काही झालं त्याला तो विचार जबाबदार आहे, आपण नाही, असं त्याचं आजही म्हणणं आहे. (घरात हे म्हणणं कोणी ऐकून घेत नाही, ही गोष्ट वेगळी.)

वस्तू म्हणजे तनयाचा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल. तनया ही शशिधरची एकुलती एक मुलगी. सप्टेंबरात ती एडिनबराला युनिव्हर्सिटीत गेली आणि इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या घरात शशिधर आणि त्याची बायको वरदा अशी दोघंच उरली. कन्सोल तिच्या टेबलाच्या खणात राहून गेला. बाबा, प्लीज पोस्ट कर, असा तिचा मेसेज आला. शशिधरने चार्जर लावला, बटण दाबलं. पडद्यावर एक छोटंसं गाव उगवलं, कुठेतरी बासरी वाजली आणि पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा त्याला म्हणाला, की हे वीरा, तुझं नाव काय?

एक्कावन्न वर्षांच्या आयुष्यात शशिधरला कोणी वीर म्हटलं नव्हतं. लग्नात फेटा बांधतानासुद्धा नाही. त्याने आपलं नाव टाइप केलं. (इंग्रजी दहा अक्षरांची मुभा होती आणि शशिधर त्यात नेमका मावला. त्या आठवड्यातली ती पहिली चांगली गोष्ट.)

खेळ जुन्या जपानी वळणाचा होता. सैतानांचा राजा जग बुडवणार असतो आणि आपण तलवार घेऊन गावोगाव हिंडत त्याच्या किल्ल्यापर्यंत पोचायचं असतं. आता यात पन्नाशीच्या माणसाने गुंतावं असं काय आहे, असं तुम्ही विचाराल. तर ऐका. या खेळात लढाई पाळीपाळीने होते. तुम्ही वार करायचा, मग शत्रूने करायचा. तुम्ही विचार करत बसलात तर शत्रू बिचारा नुसता जागेवर डुलत उभा राहतो. शशिधर लंडनमधल्या एका विमा कंपनीत सीनियर अॅनालिस्ट होता. त्याच्या मीटिंगांमध्ये त्याची पाळी यायच्या आत मीटिंग संपायची. इथे एक फूटभर उंचीचा राक्षससुद्धा त्याचं बोलणं होईपर्यंत थांबत होता.

शिवाय सराय होती. दहा नाणी द्या, झोपा, की सकाळी सगळ्या जखमा गायब. शशिधर साधारण दोन हजार नऊपासून ताजातवाना उठलेला नव्हता. आणि शंभर बेडूक मारले की लेव्हल वाढायची, तुतारी वाजायची. ऑफिसात त्याने बारा वर्षांत किती बेडूक मारले असतील, पण तुतारी नाही. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जग बुडवायला निघालेल्या राजाने तारीख दिलेली नव्हती. तुम्ही तीन दिवस तळ्यावर मासे पकडत बसलात तरी तो किल्ल्यात वाट बघायचा. डेडलाइन नसलेलं संकट शशिधरने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

कन्सोल पोस्टात गेला नाही. योग्य मापाचं खोकं मिळत नाहीये, असं त्याने तनयाला कळवलं. पॅडिंग्टनच्या ट्रेनमध्ये जाताना-येताना तो खेळायचा आणि रविवारी दुपारी 'खोकं बघतो' म्हणून माळ्यावर चढायचा. दोन तासांनी कपड्यांना जळमटं लावून खाली यायचा. वरदा विचारायची, सापडलं का. तो म्हणायचा, नाही गं, एक होतं पण लहान पडलं. वरदा हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट होती. आठवडाभर इतकी दमलेली असायची, की खोक्याची चौकशी याहून पुढे नेण्याचं तिच्यात त्राण नसायचं. तिने घातलेलं राखाडी फ्लीसचं जॅकेट सहा हिवाळे जुनं होतं. नवीन घ्यायला दुकानात जायचं म्हणजे उठावं लागलं असतं.

इथवर सगळं ठीक होतं. माणूस खेळतो, खोटं बोलतो, जळमटं झटकतो. खरा घोटाळा आधीच, पहिल्या आठवड्यात होऊन बसला होता.

त्या खेळात वाटेत सोबती मिळतात आणि प्रत्येक सोबत्याचं नाव आपण ठेवायचं असतं. पहिली मिळाली ती एक चलाख चोर पोरगी. शशिधरने तिचं नाव प्रेमाने तनया ठेवलं. मग सामान वाहणारं एक खेचर मिळालं, त्याला नाव द्यायचे कष्ट त्याने घेतले नाहीत. आणि मग एका देवळाच्या पायरीवर ती भेटली. जखमा भरून काढणारी. मागच्या रांगेत उभं राहून ज्याला लागेल त्याला बरं करणारी. खेळाने विचारलं, हिचं नाव काय? आणि शशिधरच्या बोटांनी, त्याला न विचारता, लिहिलं, मधुमती.

यासाठी बावीस वर्षं मागे, साताऱ्याच्या एका मंगल कार्यालयात जायला हवं. लग्नात नवऱ्या मुलीचं नाव बदलायची रीत आपल्याला माहीत आहे. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरदेव अंगठीने त्यात नवीन नाव लिहितो. शशिधर अंगठी घेऊन बसला, तेव्हा वरदाने शांतपणे सांगितलं, की माझ्या सगळ्या सर्टिफिकेटांवर वरदा आहे, मी वरदाच राहणार. शशिधर तिच्या कानाशी पुटपुटला, अगं, आईची फार इच्छा आहे, मधुमती ठेवायची. वरदा नाही म्हणाली. भटजी घड्याळ बघू लागले. शेवटी तांदळात वरदा लिहिलं गेलं आणि विषय संपला.

म्हणजे शशिधरपुरता संपला. वरदाच्या मनात सासूबाईंबद्दल तेव्हा जी गाठ बसली ती सुटली नाही. भांडण कधी झालं नाही, दोघीही तशा भांडणाऱ्या नव्हत्या. पण दर वर्षी साताऱ्याहून गोडा मसाला यायचा, शेजारच्या चार घरांत त्याचं कौतुक व्हायचं, आणि वरदा फोनवर सासूबाईंना म्हणायची, ठीक होता. बावीस वर्षं, ठीक होता.

आता डिसेंबर. तनया ख्रिसमसच्या सुट्टीला घरी आली आणि बाबाच्या ऑफिसच्या बॅगेत चार्जर शोधताना तिला स्वतःचा कन्सोल सापडला, ऐंशी टक्के चार्ज असलेला. रविवारची दुपार होती. वरदा सोफ्यावर पाय वर घेऊन चहा पीत होती. तनयाने कन्सोल टीव्हीला जोडला आणि शशिधरचे तीन महिने छप्पन्न इंची पडद्यावर पसरले.

"बाबा, एकशे बारा अवर्स?" तनया म्हणाली. ती रीडिंगमध्ये जन्मलेली, तिचं मराठी तिच्या परीने चालायचं. "आणि हे बघ, मी आहे. मी चोर आहे. पण हा मधुमती कोण आहे? आई कुठे आहे?"



वरदाने चहाचा कप खाली ठेवला आणि पडद्याकडे बघितलं. शशिधर, लेव्हल अठ्ठावन्न. तनया, लेव्हल पंचावन्न. मधुमती, लेव्हल एकावन्न, अंगात रेशमी झगा, बोटात माणकाची अंगठी. वरदा कुठेही नव्हती.

"झगा कोणी घेतला तिला?" तिने विचारलं.

"त्याने थंडी वाजत नाही," शशिधर म्हणाला. वरदाने आपल्या राखाडी फ्लीसच्या बाहीकडे एकदा बघितलं.

शशिधरपुढे दोन रस्ते होते. ही ऑफिसातली कोणी बाई असेल असं बायकोला वाटू द्यायचं, किंवा खरं सांगायचं. (तिसरा रस्ता माळ्याकडे जात होता, पण शिडीजवळ तनया उभी होती.) त्याने घाबरून चौथा काढला. म्हणाला, "अगं, तेच ते. आईला आवडलेलं नाव. तिची आठवण म्हणून ठेवलं."

वरदा रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही, तिला वाईट वाटलं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. ती एवढंच म्हणाली, की बावीस वर्षं झाली तरी त्यांच्या मनातली सून आपल्या घरात राहतेच आहे तर. दिवसभर वॉर्डात लोकांना औषधं देऊन मी घरी येते, आणि तू माळ्यावर जाऊन दुसऱ्याच नावाच्या बाईकडून बरा होतोस. हे तिने इतक्या थकल्या आवाजात सांगितलं, की शशिधरला खरोखर लाज वाटली. पण तोंडातून गेलेलं खोटं परत घ्यायचं बटण खऱ्या आयुष्यात नसतं.

आणि दोन वाजले. रविवारी दुपारी दोनला, म्हणजे साताऱ्यात संध्याकाळी साडेसातला, आईंचा व्हिडिओ कॉल येतो. तो आला. शशिधर फोन घ्यायला झेपावला, पण वरदाचा हात आधी पोचला.

हवापाणी झालं, गुडघे झाले. मग वरदा म्हणाली, "आई, एक विचारू? लग्नात माझं नाव बदलायचं तुमच्या इतकं मनात होतं, तर तुम्ही मला स्वतः का नाही सांगितलंत?"

फोनमध्ये आईंचं अर्धंच कपाळ दिसत होतं, तेही गोंधळलेलं. "माझ्या मनात? अगं, माझं स्वतःचं नाव बदललं तेव्हा वर्षभर मला कोणी हाक मारली की मी मागे वळून बघायची, कोणाला बोलावतायत म्हणून. मी कशाला तुझं बदलू? त्यालाच हवं होतं ते मधुमती. कॉलेजपासून वहीत लिहून ठेवलं होतं, बायकोचं नाव म्हणून. मी तेव्हाच त्याला म्हटलं, मुलीचं आहे ते राहू दे."

"तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"मला वाटलं तुला माहीत आहे. त्याच्याशी लग्न केलंस ना तू."

शशिधर टीव्हीकडे बघत होता. टीव्हीवरचा शशिधर तलवार धरून जागच्या जागी डुलत होता. पाळी दुसऱ्याची असली की असंच करायचं असतं.

वरदाने फोन दोन्ही हातांत धरला. मग म्हणाली, "आई, मसाला फार छान होता."

"कुठला गं? यंदाचा?"

"सगळेच. बावीस वर्षांचे."  तिकडे आई मिरची यंदा तिखट निघाल्याचं सांगू लागल्या, आणि दोघी पाऊण तास बोलत राहिल्या. इतका लांब फोन त्या घरात आधी कधी झाला नव्हता.

फोन ठेवल्यावर शशिधरने माफी मागितली. नीट मागितली, मध्ये 'पण' न घालता. वरदाने ती ऐकून घेतली, आणि तनयाच्या हातातून कन्सोल घेतला.

तिने पहिल्यांदा औषधांचं कपाट उघडलं. धंदाच तो तिचा. आत अमृताच्या त्रेचाळीस कुप्या होत्या. एका कुपीत सगळे ठणठणीत होतात, पण शशिधरने एकही वापरली नव्हती. अडीअडचणीला असू द्याव्यात, असं त्याचं म्हणणं. (पाहुण्यांचे कप पाहुण्यांनाही न देणाऱ्या घरात तो वाढला होता.) कुप्या संपतील या भीतीने तो किल्ल्याच्या दारापर्यंत तीनदा जाऊन परत आला होता. वरदा म्हणाली, की औषध साठवून ठेवणाऱ्या पेशंटांना मी रोज रागावते. मग तिने मधुमतीला मागच्या रांगेतून काढून पुढे आणलं आणि शशिधरला मागे उभं केलं.

त्या संध्याकाळी तिने त्रेचाळीसच्या त्रेचाळीस कुप्या उडवल्या आणि सैतानांच्या राजाला झोपवलं. शशिधर स्वयंपाकघरात भांडी घासत होता. तुतारी त्याला तिथून ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर वरदा माळ्यावर गेली. खोकं बघते, म्हणाली. राजा मेला तरी मासे पकडायचे राहिले होते. दोन तासांनी ती खाली आली तेव्हा तिच्या केसांत जळमट होतं, आणि चेहरा असा, की सरायीत दहा नाणी देऊन झोपून उठलीय.

जानेवारीत तनया परत निघाली. रीडिंगच्या स्टेशनवर प्लॅटफॉर्मच्या पार टोकाशी जायचं होतं. शशिधरच्या दोन हातांत दोन सूटकेसी, पाठीवर रकसॅक, गळ्यात कुकर आणि मसाल्यांची पिशवी. मायलेकी पुढे जाऊन बाकावर बसल्या होत्या. ट्रेन यायला नऊ मिनिटं होती, आणि तेवढ्यात वरदा शेवटचं खेळून घेत होती. धापा टाकत तो मागे येऊन उभा राहिला आणि वरदाच्या खांद्यावरून त्याने पडद्याकडे बघितलं. खेळातल्या गावात विहिरीजवळ एक ज्योतिषी बसतो, तो कोणाचंही नाव बदलून देतो. वरदा त्याच्याकडे जाऊन आली होती. पुढे तलवार घेऊन वरदा चालत होती. तिच्या शेजारी तनया. मधुमती तिच्याच नावाने, त्याच रेशमी झग्यात.

"आणि मी?" शशिधरने विचारलं.

"आहेस की बाबा," तनया म्हणाली, आणि सगळ्यांच्या मागे गाठोडी लादून चाललेल्या खेचरावर तिने बोट ठेवलं. त्याच्या डोक्यावर इंग्रजी दहा अक्षरं होती. खाली एक ओळ लुकलुकत होती, ती तिने आईला वाचून दाखवली: शशिधर थकला आहे, त्याला चारा द्या.

वरदाने पडद्यावरची नजर न हलवता पर्समध्ये हात घातला आणि अर्धं केळं काढून मागे धरलं. शशिधरने दोन्ही सूटकेसी खाली ठेवल्या, आणि ते खाल्लं.