बुधवारची चक्कर

मी सोसायटीची सेक्रेटरी होते त्या वर्षांत माझ्याकडे पाण्याच्या, पार्किंगच्या तक्रारी यायच्या, आणि एक कायमची: बुधवारी संध्याकाळी सात वाजता एक सभ्य गृहस्थ लोकांच्या खिडक्यांना कान लावतात.

"मॅडम, फिर खडे हैं," वॉचमन सांगायचा. "अब साहब को मैं क्या बोलूं?"

हे गृहस्थ म्हणजे माझ्या वरच्या मजल्यावरचे सामंतसाहेब, सरकारी रेडिओ केंद्राचे प्रमुख. बुधवारी ऑफिसातून लवकर निघायचे आणि थेट कोणाच्या तरी ग्रिलखाली उभे राहायचे. कारण सातला त्यांचा 'खाडीकाठ' लागायचा. साधे बातमीदार असल्यापासून ते हा कार्यक्रम करत होते. प्रमुख झाल्यावर बाकीचं सगळं हाताखालच्यांना दिलं, हा तेवढा दिला नाही. ध्वनिमुद्रण आधीच झालेलं असे. त्यामुळे तो कोणाकोणाकडे लागलाय हे बघत फिरायला साहेब मोकळे.

"पत्रं काय, कोणीही लिहितं," ते म्हणायचे. "श्रोता खिडकीत पकडावा लागतो."

एकदा त्यांनी जयाबेनना पकडलं. "अरे साहेब, बाहेर काय उभे? अंदर आओ ने," म्हणून त्यांनी चहा पाजला. 'खाडीकाठ' लागलेला होता, पण जयाबेन फोनवर होत्या. साहेबांनी तरी ते घर जमेस धरलं.

कार्यक्रमात मिठागरं असायची, तिवरांची झाडी असायची, डोंगरीच्या विहिरी असायच्या. पावसाळ्यात मिठागरात ओरडणाऱ्या बेडकांना साहेब 'आमचे कलाकार' म्हणत. "यंदा कलाकार कमी आलेत," हे ते अशा चेहऱ्याने सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, मानधन थकलंय. आणि कापायची सवय तर हाडात मुरलेली. सोसायटीच्या सभेत कोणी लांबण लावली की बोट वर करत, "हे वाक्य कापता येईल." इतक्या झटपट सभा आमच्याकडे पुन्हा झाल्या नाहीत.

पण एकदा एक मच्छीवाली त्यांच्या माइकवर म्हणाली, "साहेब, जाल्यात म्हावरा न्हाय, पिशव्याच हायत. टाकनारे कोन त्ये तुमी इचारा." ते काढून टाका, असं त्यांना वरून सांगण्यात आलं. आमची वाक्यं बिनदिक्कत कापणाऱ्या माणसाने ते कापलं नाही. पुढची बढती राहिली. ते कळलं त्या दिवशी त्यांच्या पत्नी सुमनवहिनींनी आम्हा सगळ्यांकडे शिरा पाठवला.

साहेबांची चक्कर संपायची ती स्वतःच्या खिडकीखाली. तिथे रेडिओ हमखास लागलेला. कार्यक्रम संपला की सुमनवहिनी ग्रिलशी येत.

"मधे मधे फार बोललात आज."

"कुठे?" साहेब खालून विचारत.

"वर या, सांगते."

माझं स्वयंपाकघर बरोबर मध्ये. त्यामुळे वर्षानुवर्षं हा निकाल माझ्या कढईवरून गेला.

मग गच्च्यांवरून केबलच्या वायरी आल्या. सातला एकाच मालिकेचं संगीत सगळ्या खिडक्यांतून यायला लागलं. एका बुधवारी साहेब जिन्यात भेटले. चेहरा उतरलेला.

"जयाबेनकडेही गेला," ते म्हणाले.

मी घाबरून विचारलं, "कोण गेला?"

"श्रोता."

मागच्या मिठागरावर भराव पडला. माझ्या खिडकीतून दिसणारे मिठाचे पांढरे ढीग गेले, कलाकारही गेले. मग एका छोट्याशा आजारात सुमनवहिनी गेल्या. साहेब आठवडाभर दिसले नाहीत. पुढच्या बुधवारी वॉचमन सांगत आला, "मॅडम, साहब फिर निकले हैं."

मी म्हटलं, फिरू दे.

काही दिवसांनी त्यांच्या समोरच्या फर्नांडिसबाई माझ्याकडे आल्या. "साहेबांचं दार बंद आणि आत रेडिओ केवढ्याने चाललाय. दर बुधवारी, हां."

मी वर गेले. दाराला कुलूप. आतून साहेबांचाच आवाज, कोणा मच्छीवालीला काहीतरी विचारत होता. वयाप्रमाणे विसरत असतील, असं मनात म्हणत मी त्यांना शोधायला खाली उतरले.

ते त्यांच्याच खिडकीखाली उभे होते. हात मागे बांधलेले, मान वर.

"साहेब, रेडिओ बंद करायचा राहिला तुमचा."

"राहिला नाही," ते म्हणाले. "लावून आलोय. चक्कर इथेच संपते ना."

आम्ही दोघं उभ्याने ऐकत राहिलो. वरून मच्छीवाली बोलत होती, रेडिओवरचे साहेब तिला मध्येच तोडत होते. कार्यक्रम संपला, जाहिरात लागली. तरी साहेबांची मान वरच.

शेवटी जे इतकी वर्षं कानावर पडत आलं होतं तेच तोंडातून निघालं.

"मधे मधे फार बोललात आज."

त्यांनी मान खाली आणली. माझ्याकडे बघितलं.

"कुठे?"

"वर चला," मी म्हटलं. "चहा टाकते, सांगते."