मन रुतवण्याची गोळी

कासवकाकांनी गोळी घ्यायचं ठरवलं ते एका टेबलासाठी. लोक गादीसाठी सख्ख्या भावाशी वैर धरतात. काकांना फक्त एक लाकडी टेबल हवं होतं, तेही एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेलं. पण ते खिडकीजवळ होतं.

पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात टेबलांची एकच रांग होती, दारापासून खिडकीपर्यंत. नवा माणूस दारापाशी बसायचा आणि कोणी निवृत्त झालं की सगळी रांग एकेक टेबल पुढे सरकायची. काका बावीस वर्षांत पाच टेबलं सरकले होते. (कासव हे नाव त्यांना उगाच पडलेलं नव्हतं.) आता खिडकीजवळचे हेडक्लार्क निवृत्त झाले होते आणि पुढचा नंबर काकांचा होता. पाठीला लावायची उशीसुद्धा त्यांनी आणून ठेवली होती.

तेवढ्यात नवे साहेब आले. त्यांना रांग ही कल्पनाच पसंत नव्हती.

"शुक्रवारी वरून तपासणी येतेय," साहेब म्हणाले. "चारशे बारा तक्रारी तुंबल्यात. निम्म्या काका, तुमच्या. निम्म्या या बाईंच्या. ज्याचा ढीग आधी संपेल, त्याचं खिडकीचं टेबल. ज्याचा उरेल, तो तळघरात जुन्या फायलींपाशी."

'या बाई' म्हणजे भिंगरी. नोकरीला दोन वर्षंही झाली नव्हती, पण तिचे हात दिसायचे नाहीत, नुसता शिक्क्याचा आवाज ऐकू यायचा.

काकांनी त्याच संध्याकाळी निश्चय केला. काय वाटेल ते होवो, टेबल सोडायचं नाही. पहिला प्रयोग काळ्या कॉफीचा झाला. मंगळवारी त्यांनी सहा कप रिचवले. त्यांना तरतरी आली यात शंका नाही, पण ती सगळी टेबल ते संडास या वाटेवर खर्च झाली, आणि हात असा थरथरू लागला की त्यांचीच सही पाहून शिपाई म्हणाला, "काका, ही खोटी दिसतेय."

मग मेहुणा आठवला. तो औषधं विकणाऱ्या कंपनीत फिरतीवर होता आणि त्याच्या बॅगेत सर्व रोगांवर काही ना काही असायचं.

"मेंदू पळवायचं काही आहे का रे?"

"आहे की, भावजी. परीक्षेची पोरं घेतात, मोठे मोठे मॅनेजर घेतात."

"डॉक्टरची चिठ्ठी लागत असेल."

"लागते. पण मी घरचा माणूस." ('घरचा माणूस' या सबबीखाली जगात जितके घोटाळे झाले आहेत तितके शत्रूंनीही केलेले नाहीत.) "फक्त एक लक्षात ठेवा. गोळीनं मन पळत नाही, रुततं. एकदा जिथं रुतेल तिथून तासन्‌तास हलत नाही. कुठं रुतवायचं ते तुमचं तुम्ही बघा. आणि ताईला सांगू नका."

शुक्रवारी सकाळी काकांनी गोळी तोंडात टाकली आणि बायकोनं नेमकं पाहिलं.

"अहो, काय खाल्लंत?"

"पित्ताची."

"पित्त तुम्हाला? तुम्हाला पित्त व्हायचं तर आधी काहीतरी मनाला लागायला हवं."

काकांनी चपला घातल्या आणि बस गाठली. बसमध्ये गोळी चढू लागली. पुढच्या माणसाच्या शर्टाची शिलाई काकांना इतकी मनोवेधक वाटू लागली की त्यांनी एकतीस टाके मोजले आणि घाबरून डोळे मिटले. मन जपायला हवं होतं, वाटेतच खर्च होऊन चालणार नव्हतं! बसमधून उतरल्यावर ते खाली मान घालून चालले, जिन्यात कोणी 'नमस्कार' म्हणालं त्याला उत्तर दिलं नाही, आणि कोऱ्या मनानं खुर्चीत बसून ढिगातला सर्वांत वरचा कागद ओढला.

इथं तक्रार विभागाची कामाची पद्धत सांगायला हवी. निवृत्त हेडक्लार्कांनी ती घालून दिली होती. ते म्हणत, "अर्ज 'विषय' या शब्दापासून वाचावा आणि तिथंच थांबावं. वरचं नाव-पत्ता पाहूच नये. नाव पाहिलं की माणूस दिसतो, आणि माणूस दिसला की काम अडतं." विषय पाहायचा, ठरलेल्या तीन उत्तरांपैकी एक शिक्का मारायचा, पुढचा अर्ज घ्यायचा. पत्ता पाकिटावर शिपाई लिहायचा. काकांनी बावीस वर्षं ही शिस्त व्रतासारखी पाळली होती.

आजही त्यांनी नाव पाहिलं नाही. पण विषयाशी थांबणं मात्र जमेना. मन रुतलं.

अर्ज बाईमाणसाचा होता. अक्षर ओळखीचं वाटलं, पण बावीस वर्षांत सगळ्याच तक्रारी ओळखीच्या वाटू लागतात. झडप क्रमांक एक्केचाळीस चार वर्षं गळत असल्यानं पाणी दुसऱ्या मजल्यावर चढत नाही. 'मी रोज खालच्या नळावरून सोळा बादल्या आणते. एका खेपेला दोन. जिन्याला अडतीस पायऱ्या आहेत.'

काकांनी हिशेब मांडला. आठ खेपा, तीनशे चार पायऱ्या रोज. चार वर्षांत चार लाख त्रेचाळीस हजार आठशे चाळीस. (एक लीप वर्षाचा दिवस त्यांनी बाईंच्या वतीनं सोडून दिला.) अशी बाई या शहरात राहते आणि खात्याला पत्ता नाही! ते तळघरात जाऊन झडपांचा नकाशा घेऊन आले, दुरुस्तीची नोंद शोधली, ती नव्हतीच, आणि उत्तर लिहायला बसले.

"काका, किती झाल्या?" बारा वाजता भिंगरीनं विचारलं. शिक्का चालूच होता.

"पहिली चालू आहे."

"पहिली शंभर?"

"पहिली."

भिंगरीचा शिक्का क्षणभर हवेत थांबला. "काका, बरं वाटत नाहीये का? वाचताय की काय?"

काकांना ऐकू आलं नाही. ते अर्जाच्या शेवटच्या परिच्छेदावर पोचले होते. 'याबाबत आपल्याच विभागातील एका कर्मचाऱ्यास मी चार वर्षे समक्ष सांगत आहे. ते मान हलवतात आणि वर्तमानपत्रात डोकं घालतात. त्यांना स्वतःला बादली भरलेलीच मिळते.'

काकांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. असा माणूस या रांगेत बसतो? त्यांनी तीन पानं केवळ त्या माणसावर खर्च केली. 'सदर कर्मचारी निर्ढावलेला, कामचुकार व माणुसकीशून्य असून, त्यास तक्रार विभागात ठेवणे म्हणजे खात्याची विटंबना होय. त्याची तात्काळ तळघरात उचलबांगडी करण्यात यावी, अशी माझी ठाम शिफारस आहे.' झडप दुरुस्तीचा आदेश जोडला. एकूण पानं अकरा. घड्याळात पाच वाजले होते.

साहेब तपासणीच्या अधिकाऱ्यांना घेऊन आले. भिंगरीचं टेबल स्वच्छ होतं.

"बाई?"

"दोनशे सहा, सर."

"काका?"

"एक," काका म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा ताठ मानेनं म्हणाले. "पण उत्तर दिलंय, साहेब. खरंखुरं."

तपासणी अधिकाऱ्यांनी कागद घेतले. चौथ्या पानावर त्यांनी चष्मा पुसला. नवव्या पानावर त्यांनी साहेबांकडे रोखून पाहिलं.

"उत्तम! असं उत्तर मी नोकरीत पाहिलेलं नाही. हे आजच टाईप करून साहेबांच्या सहीनं पाठवा. शिफारशी सगळ्या मंजूर. हा कर्मचारी कोण?"

"शोधून काढतो, सर!" काका गरजले. "अर्जावर पत्ता असणारच. त्या भागात आपला कोण राहतो ते पाहिलं की झालं." बावीस वर्षांची शिस्त मोडून त्यांनी अर्जाचं डोकं पाहिलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. घर क्रमांक वाचला. गल्ली वाचली. दुसरा मजला इथपर्यंत आवाज खणखणीत होता. नावाशी मात्र नुसते ओठ हलले.

"मोठ्यानं वाचा," अधिकारी म्हणाले.

"वाचता येत नाही, सर."

"अक्षर वाईट आहे?"

"अक्षर चांगलं आहे. बायको माझी आहे."

भिंगरीनं तोंडाला ओढणी लावली. साहेबांनी छताकडे पाहिलं. अधिकारी मात्र नियमाचे पक्के होते. एकदा मंजूर केलेली शिफारस ते फिरवत नसत, आणि अर्जदाराच्या नवऱ्यानंच केलेली तर मुळीच नाही.

सोमवारी काका उशी घेऊन तळघरात उतरले. गोळीची उरलेली पट्टी त्यांनी मेहुण्याच्या हातात ठेवली. "चालली नाही का, भावजी?" त्यानं विचारलं. "चालली रे," काका म्हणाले. "मला सोडून सगळ्यांसाठी चालली."

झडप गुरुवारी दुरुस्त झाली. शनिवारी दुपारी काकांनी स्वतःच्या हातानं नळ सोडला आणि पाणी धो धो आलं, ते पाहून त्यांना टेबल गेल्याचंही फारसं वाटेना. बाहेरच्या खोलीत आले तर बायको टाईप केलेलं अकरा पानी पत्र मांडीवर घेऊन बसली होती. डोळे ओले होते.

"काय माणूस आहे हो तुमच्या ऑफिसात! पायऱ्यासुद्धा मोजल्यात त्यानं. सही साहेबांची आहे, पण साहेब कशाला एवढं लिहितील? कोणीतरी देवमाणूस आहे."

काकांनी घसा साफ केला. "मीच लिहिलंय ते."

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मनापासून हसली. "पुरे हो. तुम्ही? अख्खा अर्ज वाचून?"

तिनं टेबलावरून कोरा कागद ओढला आणि लिहू लागली.

"आता काय लिहितेस?"

"त्या देवमाणसाला आभाराचं पत्र. आणि शेवटी एक विनंती." ती पेन न उचलता म्हणाली, "तळघराची शिक्षा फार सौम्य वाटतेय. फेरविचार करा म्हणते."