थोरल्याचा मान

मंडळी, एकोणीसशे नव्व्याण्णव साली अख्ख्या नगर जिल्ह्यात स्वतःच्या घरातून इंटरनेटवर दोन-दोन संगणक चालवणारा माणूस एकच होता. तो म्हणजे मी, गोरक्ष! तुम्ही म्हणाल, कशावरून? अहो, दुसरा कोणी असता तर त्याचीही फजिती माझ्या कानावर आलीच असती!

आमचं घर नागापूरला, आप्पांच्या वर्कशॉपच्या मागे. आप्पा म्हणजे माझे वडील, आप्पासाहेब. त्यांना दिवाळीआधी दोन कामं उरकायची होती. लोखंड कातायचं जुनं लेथ मशीन विकायचं आणि माझ्या बहिणीचं, दीपाचं, लग्न जमवायचं. मी छाती काढून म्हणालो, "दोन्ही इंटरनेटवर टाकतो! घरबसल्या होतील!"

"मशीनचं चुकलं तर चालंल," आप्पा म्हणाले. "पोरीचं चुकलं, तर तुलाच लेथवर चढवीन!"

दीपासाठी कोपरगावच्या रंभाजीरावांचं स्थळ आलं होतं. मुलगा अमेरिकेत. त्याला तिकडे बसून दीपाची माहिती आणि फोटो बघता यावा, म्हणून मी तिचं एक पान तयार केलं.

"त्याला माझं पान दाखवतोस. मग त्याचं पान मला कुठंय?" दीपानं विचारलं.

"अमेरिकेतल्या मुलाला पान लागत नाही!" मी म्हणालो.

आता थोडं डोकं चालवा, सोपं आहे. फोनवरून नेट जोडलं की दर वेळी घराला नवाच नंबर मिळायचा, भाडेकरूच्या बिऱ्हाडासारखा. त्यावर तोड म्हणून एका फुकट सोयीत मी आमच्या घराचं कायमचं नाव नोंदवलं. नंबर कितीही बदलो, नाव तेच! पण घराला फोन एक आणि संगणक दोन. मग त्या नावाला दोन दारं केली, म्हणजे दोन पत्ते. पुढच्या दारानं येणाऱ्याला दीपाचं पान दिसणार, मागच्या दारानं येणाऱ्याला लेथचं. दारावर राखणदार म्हणून, मी नोकरीला होतो त्या कंपनीनं भंगारात काढलेला एक खोका बसवला. जो संगणक आधी सुरू होईल त्याला राखणदार 'एक' नंबर देणार आणि पुढच्या दाराचे पाहुणे त्याच्याकडे धाडणार. नंतर सुरू होईल तो 'दोन', त्याच्याकडे मागचे पाहुणे.

दीपाचं पान होतं नव्या संगणकात, म्हणजे धाकट्यात. लेथचं पान जुन्यात, म्हणजे थोरल्यात. मी आधी धाकटा लावायचो, मग थोरला. नंबर कायमचे बांधून ठेवता येतात, पण म्हटलं, लावणारा मीच तर आहे! कशाला उगीच खटाटोप?

खंडेनवमी आली. मी कंपनीतल्या पूजेला गेलो. घरी आईनं वर्कशॉपची सगळी अवजारं पुजली, दोन्ही संगणक बंद करून पुसले, हळदीकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या आणि परत सुरू केले. राखणदाराला मात्र तिनं भंगार समजून हातही लावला नाही. मी संध्याकाळी आलो. फ्लॉपीच्या फटीत कुंकू! ते झटकलं, नेट जोडलं आणि निवांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या छबूबाई भिंतीवरून ओरडल्या, "आरं गोरक्ष, तुमचा फोन लागंना म्हनून कोपरगावचा फोन माझ्याकडं आलाय!"

आप्पा धावले. परत आले ते फुललेलेच. "पोराला पान लई आवडलं! रंभाजीराव रविवारी येतायत. टेम्पो घेऊन!"

"टेम्पो कशाला?"

"गोतावळा मोठा आसंल!"

तेवढ्यात छबूबाईंची पुन्हा हाक! श्रीरामपूरचा मच्छिंद्र, लेथचं गिऱ्हाईक. त्यानंही पान बघितलं होतं. तोही रविवारी येणार होता, आईला घेऊन.

"लेथ बघायला आई?" आप्पा चक्रावले.

"शुभकार्याला आई लागतेच!" मी ठोकून दिलं.

रविवार उजाडला. टेम्पोतून रंभाजीराव उतरले आणि त्यांच्यामागे चार गडी. हातात दोरखंड आणि पहारी!

"बसा, पोहे घ्या," आप्पा म्हणाले.

"पोहे हुतील हो! आधी मशीन दावा. पोरगं म्हनलं, आबा, सासरवाडीनं लेथ दिलंय! उचलून न्यायची सोय घेनाऱ्यानं करायची, असं पानावर लिव्हलंय. त्याला अमेरिकेत काय करायचंय? आमच्या धाकट्या पोराला हुईल!"

इतक्यात पेढ्यांचा पुडा घेऊन एक म्हातारी आत आली. गोजरबाई, मच्छिंद्रची आई. मागे कडक इस्त्रीचा शर्ट घालून मच्छिंद्र.

"मशीन शेडात हाय," आप्पा कसेबसे म्हणाले.

"मशीन ऱ्हाऊ द्या. पोरगी कुठंय?" गोजरबाईंनी विचारलं.

मी आत पळालो. "आई! पूजा झाल्यावर आधी कोणता लावलास?"

"थोरला! मोठ्याचा मान आधी. मानसात बी आसंच आसतं न्हवं?"

म्हणजे 'एक' नंबर थोरल्याला गेला होता! अमेरिकेला लेथ आणि श्रीरामपूरला माझी बहीण!

बाहेर मच्छिंद्र आप्पांना सांगत होता, "मी लेथचा पत्ता टाकला तर तुमच्या मुलीचा फोटो आला. खाली लिहिलेलं, बघण्याचा कार्यक्रम रविवारी. मला वाटलं, तुम्ही गिऱ्हाइकातच स्थळ बघताय."

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की लेथ आपोआप सुरू झाल्याचा मला भास झाला! तेवढ्यात दीपा चहाचा ट्रे घेऊन आली. तिनं शेडाकडे बघितलं. रंभाजीराव लेथला प्रदक्षिणा घालत होते.

"आप्पा, ह्यांना लेथ विका," ती म्हणाली. "आल्यापासून माझं नावसुद्धा विचारलं नाही."

"विका?" रंभाजीराव गर्रकन वळले. "म्हंजे लेथ लग्नात न्हाई व्हय?"

"न्हाई!" आप्पा गरजले.

"मग पोरीचं नंतर बघू." दोरखंड टेम्पोत पडला आणि टेम्पो रिकामाच कोपरगावला निघाला.

दीपा मच्छिंद्रकडे वळली. "आणि तुम्हाला लेथ पाहिजे होतं ना?"

तो स्वतःच्या चपलांकडे बघत म्हणाला, "लेथ दुसरीकडं बी मिळंल."

"बसा मग. पोहे गार होतायत."

तुळशीचं लग्न लागलं आणि पाठोपाठ त्यांचंही. आप्पांनी फोनची वायर मात्र त्याच रविवारी पक्कडीनं तोडली.

पुढच्या खंडेनवमीला आईनं थोरल्याला मोठी माळ घातली आणि पुढ्यात पेढा ठेवला. "ह्यानं पोरीचं कल्यान केलं!"

"आई, अगं, ते सगळं मी जोडलं होतं!"

"म्हनूनच सांगतो," आप्पा म्हणाले, "पुन्यांदा त्याला हात लावू नको!"

मी गुपचूप कोपऱ्यात, राखणदाराच्या शेजारी जाऊन बसलो. कुंकू त्यालाही कोणी लावलेलं नव्हतं.