खालच्या ओळीतली सात नावं

आमच्या चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीवर एक पितळी पाटी आहे. मोठ्या लढाईत कामी आलेल्या, आमच्या मंडळीतल्या एकेचाळीस तरुणांची नावं तिच्यावर कोरलेली आहेत. ही पाटी दर शनिवारी सकाळी लख्ख घासली जावी, असा ठराव आमच्या स्मारक समितीने साठ वर्षांपूर्वी एकमताने संमत केला आणि त्यात आजवर एका शनिवारचाही खंड पडलेला नाही. पाटीत तोंड बघून भांग पाडता येतो. आमचे अध्यक्ष दर रविवारी पाडतातच. मी या समितीचा चिटणीस.

घासण्याचं काम चर्चची झाडलोट करणारे मामा करतात. मामा उंचीला बेताचे. शिडीवर चढलं की त्यांना गरगरतं, म्हणून वरच्या ओळींवर ते नुसतं फडकं झटकतात आणि त्याची सगळी भरपाई खालच्या ओळीवर करतात. माणूस प्रामाणिक आहे. हात राखून काम करणं त्यांच्या रक्तातच नाही.

एका रविवारी उपासना संपल्यावर आजी माझ्याकडे आल्या. आजी म्हणजे मंडळीतल्या सगळ्यांत वयस्कर बाई, ब्याण्णव वर्षांच्या. नजर गेलेली, कान शाबूत आणि जीभ कानांहून शाबूत. लहानपणी त्यांनी मला संडे स्कूलमध्ये शिकवलंय, त्यामुळे माझ्या पदाची त्यांना काडीचीही किंमत नाही. हाताला धरून त्यांची नात उभी होती.

"अरे, माझा दादा कुठे गेला?" आजींनी विचारलं.

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. विसाव्या वर्षी लढाईवर गेला, तो परत आलाच नाही. देह सापडला नाही, तेव्हा कबरही नाही. काय ते पाटीवरचं नाव, खालच्या ओळीतलं तिसरं. आजी ऐंशी वर्षं दर रविवारी त्या नावावरून बोट फिरवत आल्या आहेत. डोळे गेल्यापासून तर तेवढीच भावाबहिणीची भेट.

"तीन आठवडे झाले, बोटाला लागत नाहीये रे," त्या म्हणाल्या. "आधी वाटलं, माझं बोटच मेलं. मग वरच्या ओळीवर फिरवून पाहिलं, तर तिथली पोरं बरोबर लागतात."

"काका, नाव झिजून गेलंय," नात म्हणाली. "तेवढं एक पुन्हा कोरून द्या. आजीचं दुसरं काही मागणं नाही."

"लेखी द्या," मी म्हणालो. भावना सगळ्यांनाच असतात, पण त्यांना आवक क्रमांक देता येत नाही.

अर्ज आला तशी समितीची तातडीची बैठक महिन्याभरात बोलावण्यात आली. आम्ही सातही सदस्यांनी भिंग घेऊन पाटीची पाहणी केली. खालच्या ओळीतली सातच्या सात नावं साफ गेलेली आढळली. कारणही लगेच सापडलं: ठरावाची काटेकोर अंमलबजावणी. एखादा ठराव इतक्या मनापासून पाळला गेल्याचं दुसरं उदाहरण आमच्या दप्तरात नव्हतं, म्हणून मामांच्या अभिनंदनाचा ठराव मांडण्यात आला. मामा लाजून लाल झाले आणि आणखी जोरात घासायचं त्यांनी कबूल केलं.

"मग घासणं थांबवायचं का?" समितीतले आमच्या चर्चचे पाळकसाहेब यांनी भीत भीत विचारलं.

"आणि हुतात्म्यांचा अपमान करायचा?" अध्यक्ष कडाडले. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत. ते कडाडले की पाळकसाहेब अजूनही हाताची घडी घालतात.

पुढचा प्रश्न नाजूक होता. हा दुरुस्तीचा अर्ज मानायचा की नव्या नोंदीचा? जे दिसतच नाही त्याची दुरुस्ती कशी करणार? तेव्हा अर्ज नव्या नोंदीचा धरण्यात आला. आणि नव्या नोंदीला पुरावा लागतो. उद्या कोणीही उठेल आणि आपला भाऊ लढाईत मेला म्हणून सांगेल. लोकांचा काय भरवसा? मी लष्कराच्या दप्तरखान्याला रीतसर पत्र लिहिलं: आमच्या पाटीवर सध्या न दिसणारी खालील सात नावं आपल्या मृतांच्या यादीत आहेत काय?

अकरा आठवड्यांनी उत्तर आलं. "आपल्या भागातील यादी आम्ही आपल्याच पाटीवरून तयार केली आहे. सदर सात नावं पाटीवर नसल्याचं आपल्या पत्रावरून समजलं. त्यानुसार ती आमच्या यादीतूनही कमी करण्यात आली आहेत. सतर्कतेबद्दल आभार."

उत्तर वाचून नात टेबलावर हात आपटत म्हणाली, "म्हणजे माझ्या आजीचा भाऊ आता मेलेलाच नाही?"

"तसं नाही," मी समजावलं. "मेले असतीलही. पण अधिकृतरीत्या नाही."

"मग घरी पाठवा ना त्यांना! आजी वाट बघतेय केव्हाची."

आजकालच्या मुलांना बोलायचा पोच म्हणून राहिलेला नाही. तरीही समितीने मन मोठं केलं आणि एका वारसा-तज्ज्ञाला बोलावलं. तो पांढरे हातमोजे घालून आला, पाटीसमोर डोळे मिटून उभा राहिला, तिचा वासही त्याने घेतला. मग चाळीस पानी अहवाल दिला. त्याचा सारांश असा, की झीज हाच खरा इतिहास आहे. नावं पुन्हा कोरणं म्हणजे इतिहासाशी खेळ. तरी पाटी आहे त्या स्थितीत काचेआड जतन करावी. मधल्या काळात मामांनी दहाबारा शनिवार मनावर घेतले होते, त्यामुळे जतन करायला झीजही भरपूर जमली होती.

काच बसली. काचेवर सूचना लागली: हात लावू नये. पुढच्या रविवारी आजींनी सवयीने बोट पुढे केलं, तर ते काचेवरून सटकलं.

"आधी निदान पितळ तरी लागायचं," त्या म्हणाल्या. "तुम्ही माझ्या तोंडावर दारच लावलंत रे." मी त्यांना सूचनेच्या पाटीकडे तोंड करून उभं केलं, पण त्यांना दिसत नाही हे मग लक्षात आलं.

आता काच जड. तिला खालून आधार हवा. आधाराला पितळी पट्टी बसवायचं ठरलं, आणि मोजमाप घेतल्यावर ती नेमकी खालच्या ओळीवर येते असं दिसलं. तिथे काहीच नसल्यामुळे कोणाची हरकत आली नाही. पण कोरी पट्टी बघायला भुंडी दिसते. तेव्हा हे जतनकार्य ज्यांनी तडीस नेलं त्यांची नावं तिच्यावर असावीत, अशी सूचना कोणीतरी केली. कोणी केली ते विचारू नका. मी चिटणीस आहे, सूचना लिहून घेणं माझं काम. ओळीत जागा सात नावांची. आम्हीही सातच. देवाची करणी, दुसरं काय! आधीच्यांनी अक्षरं उथळ कोरण्याची जी चूक केली होती, ती टाळून आम्ही आमची चांगली खोल कोरून घेतली. शिवाय ही पट्टी घासू नये, असा स्वतंत्र ठराव केला.

अनावरण स्मृतिदिनाच्या रविवारी ठेवलं. प्रमुख पाहुण्या अर्थातच आजी. त्यांना हुतात्म्याची बहीण म्हणणं कागदोपत्री अडचणीचं होतं, म्हणून कार्यक्रमपत्रिकेत "ज्येष्ठ हितचिंतक" छापलं. दोन मिनिटांची शांतता सुरू झाली. आजींनी पडदा ओढला आणि कोणी अडवायच्या आत बोट पुढे केलं. खालची ओळ, तिसरी जागा.

"लागतंय!" त्या पुटपुटल्या. "अगं, लागतंय काहीतरी!"

त्यांचा चेहरा असा उजळला, की मला बघवेना. कारण तिसरं नाव माझं होतं. बोट एकेका अक्षरावरून सावकाश सरकत होतं, ओठ हलत होते. मग बोट थांबलं. भर शांततेत आजींनी माझं नाव आडनावासकट मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "अरे, तू कधी मेलास?"

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. आजी तोवर पहिल्या जागेवर पोचल्या होत्या. "अगंबाई, मुख्याध्यापकपण गेले? कुठल्या लढाईत?"

"आजी, शांतता चालू आहे!" अध्यक्ष दातओठ खात म्हणाले.

शांतता संपली आणि प्रथेप्रमाणे पाळकसाहेबांनी पाटीवरची नावं वाचायला घेतली. वरून सुरू करायचं आणि शेवटच्या ओळीपर्यंत जायचं, ही त्यांची तीस वर्षांची सवय. चौतीस नावं झाली, पाठोपाठ आमची सात. एकूण एकेचाळीस. आकडा जुळला, त्यामुळे कोणाला काही वावगं वाटलं नाही. अख्खी मंडळी मान खाली घालून उभी होती. मीही होतो. खोटं कशाला सांगू, माझं नाव आलं तेव्हा मला भरून आलं. इतक्या आदराने ते घरातसुद्धा कोणी घेत नाही.

तेवढ्यात आजी काठी टेकत उठल्या. कोणाकडे न वळता, स्वच्छ, खणखणीत आवाजात त्यांनी दादाचं नाव घेतलं. पूर्ण नाव, एकदाच. मग म्हणाल्या, "झालं. चल गं, बाई." आणि नातीचा हात धरून बाहेर पडल्या. त्यानंतर त्या आमच्याकडे आल्या नाहीत.

मला लाज वाटली. अगदी मनापासून वाटली आणि चहा येईपर्यंत टिकली. पण सदर नाव विषयपत्रिकेवर नसल्यामुळे इतिवृत्तात त्याची नोंद घेता आली नाही, आणि आता ते मला आठवतही नाही.

तुम्ही मघापासून आम्हाला हसताय, ते कळतंय मला. हसा, खुशाल हसा. पण एक बाई एका नावासाठी वर्षभर खेटे घालते, ही गोष्ट तुम्ही पहिल्या ओळीपासून इथपर्यंत वाचलीत. त्या पोराचं नाव काय होतं, हे तुम्ही तरी एकदा विचारलंत का?